ओटीच्या दिवशी बेपत्ता

ती घटना आजही आठवते आणि आठवली की हसू येतं, पण त्या दुपारी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रुग्णालयातून फोन आला, वॉर्डातली एक बाई बेपत्ता आहे. मिसिंगची तक्रार दाखल करून घेतली, वायरलेसवर वर्णन दिलं. अशी माणसं बहुधा घरी जाऊन झोपलेली सापडतात. पण पाठोपाठ डॉक्टर स्वतः ठाण्यात आले आणि त्यांचं बोलणं ऐकून मी खुर्चीतून उठलोच. बाईंना मधुमेह, त्यात किडनी बदललेली, म्हणून प्रतिकारशक्ती बेताची. मूत्रमार्गातला जंतू रक्तात उतरलेला, आणि तो नेहमीच्या कुठल्याच अँटिबायोटिकला दाद देत नव्हता. एकच इंजेक्शन लागू पडत होतं. त्याचा दुपारचा डोस चुकला होता.

"रात्रीचाही चुकला तर मी कसलीच खात्री देत नाही," डॉक्टर म्हणाले.

नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. त्याला समोर बसवला. बायको बेपत्ता आणि हा बशीतून निवांत चहा पितोय! माझं डोकंच फिरलं. आवाज चढवला तर म्हणतो, "साहेब, माझीच किडनी हाय तिच्यात. मी तिचं वाईट करीन व्हय?"

पण ज्याचं माणूस खरंच हरवलंय तो सारखा दाराकडे बघतो. हा घड्याळाकडे बघत होता. म्हणजे ती कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात रिक्षा स्टँडवरून खबर आली. एका रिक्षावाल्या चाचांनी तिला बांगड्यांच्या दुकानापाशी सोडलं होतं. हाताला सलाइनची सुई, वरून पदर झाकलेला, आणि बाई खुशीत हिरव्या बांगड्या निवडत होती. मी चक्रावलो. आमच्या हवालदारबाई मात्र गालात हसल्या आणि म्हणाल्या, याला लेक आहे का ते विचारा.

"लेक कितव्या महिन्यात आहे?" मी थेट विचारलं.

गड्यानं बशी खाली ठेवली आणि सगळं ओकला. लेक होटगीला दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना. आज तिची ओटी, आणि पहिली ओटी आईनंच भरायची हा त्यांचा रिवाज. डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. हा जंतू हातावरून दुसऱ्याकडे जातो, गरोदर लेकीजवळ फिरकू नका म्हणाले होते. पण ताप उतरला होता. बरी झाली की, असं समजून नवराबायकोनं बेत केला, संध्याकाळच्या आत गुपचूप परत यायचं.

जीप होटगीकडे पिटाळली. अंगणात मांडव, बायकांची गाणी, लेक हिरव्या साडीत पाटावर बसलेली. आणि आई फाटकाबाहेर, ओटीचं सामान पदरात धरून. तिथवर आली आणि डॉक्टरांचे शब्द आठवून तिचं पाऊल आत पडेना. अंगात हुडहुडी भरली होती. मला बघून म्हणाली, हितनं लांबनंच बघते अन् येते.

"मावशी, ओटी नवव्या महिन्यात भरता येईल. बाळाला आजी कुठनं आणू?"

बाई जीपमध्ये चढली.

रात्रीचा डोस वेळेवर मिळाला. ताप पुन्हा चढला, काही दिवस जिवाला घोर होता, पण या वेळी कोर्स पुरा झाला. तपासणी स्वच्छ आली. नवव्या महिन्यात आईनं लेकीची ओटी भरली तेव्हा आमचं अर्धं ठाणं जेवायला होतं. हवालदारबाई गायल्या आणि मी शेंगाच्या पोळ्या हाणल्या. एवढा आनंद मला कुठल्या पदकानं दिला नाही.

तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो, ताप उतरला म्हणजे आरोपी जामिनावर सुटला, निर्दोष नव्हे. कोर्स संपेपर्यंत पहारा उठवायचा नाही.

नात आता बालवाडीत जाते. डॉक्टरांनी दिलेलं औषध प्यायला तिनं तोंड फिरवलं की आजी दरडावते, "पी, न्हायतर साहेब जीप घेऊन येतील." मी निवृत्त झालो, जीप केव्हाच गेली. मी आपला स्कूटरवर जातो आणि शेवटचा चमचा पोटात जाईपर्यंत समोर बसून राहतो.