उलट्या पावली न चालणारं गाढव

गाढव मागे चालत नाही, हे ह्युबर्ट रुमावला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या पुस्तकात घोडे होते. शिलेदार आपल्या लेडीसमोर मान लववायचा आणि तिच्याकडे पाठ न फिरवता घोडा उलट्या पावली मागे न्यायचा. १९८२च्या जानेवारीत, बहारीनमध्ये जनाबियाजवळच्या एका बागेत, ह्युबर्टने दोन तास एका पांढऱ्या गाढवाला ही रीत शिकवली. शेवटी गाढव खाली बसलं.

"मफी फायदा, कोई फायदा नहीं," गाढवाचा मालक नजीब खजूर चघळत म्हणाला. "ये बहरीनी गधा है. सिर्फ आगे जाता है."

ह्युबर्ट वसईचा. मनामातल्या एका हॉटेलात लिनन रूम सांभाळायचा. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, वेटरांचे कोट, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. उंच, किडकिडीत, आणि मोजेसुद्धा इस्त्री करून घालणारा. हॉटेलात पाहुण्याने विसरलेली वस्तू सहा महिने कुणी मागितली नाही तर ती सापडणाऱ्याला मिळे. इतरांना छत्र्या आणि अत्तरं मिळाली. ह्युबर्टला एक जाडजूड चित्रमय इंग्रजी पुस्तक मिळालं. कुठल्याशा कल्पनेतल्या राज्यातले किल्ले, शिलेदार आणि त्यांच्या भाल्यांच्या स्पर्धा.

तीन वर्षं तो ते शब्दकोश घेऊन वाचत होता. मारामारीची पानं तो दोन-दोन उलटायचा. त्याला वेड लावलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीने. स्पर्धेआधी शिलेदार लेडीसमोर भाला कसा झुकवतो, तिच्याकडे तिची एखादी वस्तू कशी मागतो, ती अंगावर लावून कसा लढतो, आणि जिंकला तर फुलांचा मुकुट तिच्या डोक्यावर कसा ठेवतो.

आमच्या सनाबिसच्या घरी आला की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले रे आले, हा उभा. पोहे आणले, उभा. पाणी आणलं, उभा. लिंबू विसरलं म्हणून परत गेले आणि आले, पुन्हा उभा.

"अरे बस की," विलास, म्हणजे माझा नवरा, म्हणाला. "ती काय कलेक्टर आहे?"

"विलासभाऊ, तुम्हीपण उठा ना एकदा. बघा कसं वाटतं."

विलास उठला. मला इतकं हसू आलं की पोहे सांडले. पण नंतर आठवडाभर मी उगाचच आतबाहेर करत होते, हेही खरं.

ही सगळी रीत ह्युबर्टला एकाच व्यक्तीसाठी हवी होती. मॅगी डाबरे, तीही वसईची, मनामात नर्स. शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिसेनंतर ती त्याला आपल्या पांढऱ्या टोप्या द्यायची आणि पुढच्या शुक्रवारी तो त्या खळ घालून परत द्यायचा. तिच्या टोपीला हॉस्पिटलात तोड नव्हती. चार वर्षांत त्यांचं बोलणं एवढंच. तो म्हणायचा, "झाल्या." ती म्हणायची, "थँक यू."

आणि आता मॅगीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. मंगळवारी विमान. वसईला तिची आई स्थळं बघत होती. त्याआधीचा एकच शुक्रवार उरला होता, आमच्या मराठी मंडळींच्या सहलीचा.

"विचार तिला," मी ह्युबर्टला म्हटलं.

"असं कसं वहिनी? काहीतरी रीत असते."

त्या वर्षी सहलीतला मुलांचा कार्यक्रम त्याच्याकडे होता. त्याने टूर्नामेंटच ठरवली. घोडे म्हणजे नजीबची दोन गाढवं. भाले म्हणजे सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, कापड दुकानातून आणलेले, ताग्याच्या आतले पुठ्ठ्याचे नळे. ढाली म्हणजे आमच्या पातेल्यांची झाकणं. शिरस्त्राणं दूध पावडरच्या डब्यांची. झगे हॉटेलने बाद केलेल्या टेबलक्लॉथचे, कडक इस्त्रीचे. आमची आठ वर्षांची स्मिता शिलेदार होणार म्हणून नाचत होती. कुणी तरी म्हणालं, पुस्तकात मुली शिलेदार नसतात. ती म्हणाली, "बट डाँकीज पण नसतात."

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. पुस्तकाप्रमाणे लेडीने शिलेदाराला रुमाल द्यायचा होता. आमच्यात रुमाल देत नाहीत, दिला की ताटातूट होते. मी घरोघरी फोन करून सगळ्या बायकांना बजावलं.

"वहिनी, पुस्तकात रुमालच आहे," ह्युबर्ट काकुळतीला आला.

"त्या पुस्तकातल्या लोकांना आया नव्हत्या का? रिबन चालेल, क्लिप चालेल. रुमाल नाही."

शुक्रवारी सकाळी बागेत पोचलो आणि मी ते गाढव पहिल्यांदा जवळून पाहिलं. त्याचे दात पाहिले. मग पर्समधून थर्मामीटर काढून स्मिताच्या तोंडात ठेवला. अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ.

"ताप आहे," मी जाहीर केलं.

"आई, नो," स्मिता म्हणाली. मी तिला शाल गुंडाळून सतरंजीवर बसवलं. मॅगी शेजारीच संत्रं सोलत होती. संध्याकाळी ड्यूटी असल्याने ती युनिफॉर्ममध्येच आली होती. तिने स्मिताच्या कपाळाला हात लावला, माझ्याकडे पाहिलं, आणि संत्र्याची फोड स्मिताच्या हातात ठेवली.

आता एक गाढव रिकामं राहिलं. समोरच्या गाढवावर बारा वर्षांची पॅट्रिशिया डबा डोक्यात घालून तयार होती.

"तूच बस," विलास ह्युबर्टला म्हणाला.

"मी पंच आहे."

"पंच मी होतो. मला एकही नियम माहीत नाही, म्हणजे माझ्याइतका निःपक्षपाती कोण?"

ह्युबर्ट झगा चढवून, झाकण हातात घेऊन बसला. त्याचे पाय जमिनीला टेकले. म्हणजे गाढव खाली चालत होतं आणि वर हाही चालत होता. तो सरळ आमच्या सतरंजीपर्यंत आला. त्याने भाला झुकवला. त्याचं टोक बटाटेवड्यांच्या चटणीत गेलं, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"सिस्टर मॅगी डाबरे," तो म्हणाला, "तुमची एखादी वस्तू मिळावी. परत देण्याच्या बोलीवर."

मॅगीने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "चार वर्षांत तू पहिल्यांदाच पाच शब्दांच्या वर गेलास."

तिचा हात कमरेच्या रुमालाकडे गेला. मला राहवेना. "मॅगी, रुमाल नको."

"ठाऊक आहे वहिनी. माझी आईपण तेच सांगते." तिचा हात थबकला. मग तिने छातीला उलटं टाचलेलं नर्सचं घड्याळ काढलं, उठली, आणि ते ह्युबर्टच्या झग्यावर टाचलं. "सात वाजता ड्यूटी आहे. नाडी यावरच मोजते. तू जिंक नाहीतर हर, घड्याळ मला परत पाहिजे."

विलासने शिट्टी फुंकली. पॅट्रिशिया ओरडत निघाली. तिचा नळा ह्युबर्टच्या झाकणावर धाडकन आदळला. त्या आवाजाने पांढरं गाढव दचकलं आणि जे त्याला येत होतं ते त्याने केलं, म्हणजे पुढे गेलं. ह्युबर्ट पडला नाही. पाय जमिनीवरच होते, त्यामुळे गाढव त्याच्या पायांमधून निघून गेलं आणि हा होता तिथे उभा. पण झगा खोगिराच्या कडीत अडकला होता. तो टर्रकन फाटला आणि गाढवाबरोबर लसूणघासाच्या शेतात गेला. घड्याळासकट.

"उभा आहे तो, हरला कसा?" कुणी तरी म्हणालं.

"गाढव गेलं म्हणजे हरला," निःपक्षपाती पंच म्हणाले.

मग काय सांगू. तीस-चाळीस माणसं, इंजिनिअर, बँकेतले साहेब, सहलीला काठापदराच्या साड्या नेसून आलेल्या बायका, सगळे गुडघ्यांवर रांगत लसूणघास चाचपत होतो. नजीब मागून ओरडत होता, "शुवय शुवय, धीरे. मेरा घास है, आदमी का नहीं." मला हसून हसून उचकी लागली. साडीला हिरवे डाग पडले ते अजून गेलेले नाहीत.

झगा गाढवाच्या तोंडात सापडला. घड्याळ पाण्याच्या पाटात. हरलेल्या शिलेदाराने चालत जाऊन, गुडघे टेकून, दोन्ही हातांनी लेडीची वस्तू परत करावी, असं पुस्तकात आहे. तालमीत हा नियम मुलांनी कंटाळवाणा म्हणून गाळला होता. ह्युबर्टने गाळला नाही. गुडघ्यांवर तर तो होताच.

मॅगीने घड्याळ कानाला लावलं. "बंद आहे."

"हो."

"मी दिलं तेव्हा चालू होतं. मग हे परत दिलं असं कसं म्हणायचं?"

"सूकमध्ये दुरुस्त करून आणतो."

"किती दिवस लागतील?"

"आठवडा तरी."

"मंगळवारी मी जाते."

आम्ही सगळे शेतात अजून गुडघ्यांवर, आणि आमच्यापैकी कुणी शिंकलंसुद्धा नाही. गाढव तेवढं झगा चावत होतं.

"मग," ह्युबर्ट म्हणाला आणि थांबला. "मग मला ते वसईला आणून द्यावं लागेल."

"कुणाच्या हातात देशील?"

"तुझ्या."

"माझ्या नको," मॅगीने घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटली. "माझ्या आईच्या हातात दे. आणि येताना तुझ्या आईला घेऊन ये. काहीतरी रीत असते."

ह्युबर्ट उठला. मान लववली. आणि तिच्याकडे पाठ न करता उलट्या पावली चालत मागे गेला, थेट पाटात पडेपर्यंत.

मुकुट पॅट्रिशियाने जिंकला होता. कागदी बोगनवेलीचा तो मुकुट तिने गाढवाच्या डोक्यावर ठेवला, आणि गाढवाने तो खाल्ला. विलासने आपलं भलंमोठं घड्याळ काढून मॅगीला ड्यूटीसाठी दिलं.

एप्रिलमध्ये ह्युबर्ट लीव्ह घेऊन गेला. दुरुस्त घड्याळ डाबरेबाईंच्या हातात दिलं, जूनमध्ये लग्न झालं, आणि पुढच्या वर्षी मॅगी बहारीनला परत आली. आता त्यांना दोन मुलं आहेत. मॅगी स्वयंपाकघरातून बाहेर आली की तिघंही उभे राहतात, धाकटा खुर्चीवर. ती म्हणते, "बसा रे, जेवण थंड होतंय." पण मग उगाचच पुन्हा एकदा आत जाऊन येते.

आज स्मिता शाळेच्या कॅम्पला गेली आहे, मला झोप नाही, म्हणून हे लिहून काढलं. जाताना बॅगेत थर्मामीटर टाकला तेव्हा ती म्हणाली, "आई, नाइंटी एट पॉइंट एट इज नॉट फीवर."

मला ते माहीत आहे. मॅगीने तेव्हाच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी विलासचं घड्याळ मनगटावर ढिलं लोंबत असताना ती टॅक्सीत बसली, काच खाली केली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, पोरीला ताप नव्हता. बरं केलंत."