पणजोबांना मी गडी म्हणालो

“हा कोण? तुमच्याकडचा गडी का रे?”

मेधाताईंनी फोटो दोन बोटांत धरून विचारलं. आणि मी म्हणालो, “हो.”

एवढंच. एका अक्षराचं उत्तर. फोटोतला माणूस माझा पणजोबा होता.

क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरातलं मेधाताईंचं स्वयंपाकघर. दोन हजार अठराचा ऑक्टोबर. पहिलं महायुद्ध संपल्याला शंभर वर्षं होत होती, म्हणून आमच्या भागातल्या लायब्ररीने प्रदर्शन ठरवलं होतं. त्यात एक फलक मराठी मंडळाला मिळाला. घरात त्या काळचं काही असेल तर घेऊन या, असा मेधाताईंचा ग्रुपवर मेसेज. मंडळात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्यांचे स्वतःचे पणजोबा लष्करात डॉक्टर. टेबलावर मधोमध त्यांचा फोटो, शेजारी चांदीचं पदक.

माझ्याकडचा फोटो आणि पदक बाबांनी दिलं होतं. बाबा तेव्हा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. म्हणाले, “घेऊन जाय. दाखव त्याईले. आमचा आबा बी होता म्हनावं.”

आबा म्हणजे बाबांचे आजोबा. लेबर कंपनीतून बसऱ्याला गेले. रूळ टाकले, बोटींतून दारूगोळा उतरवला, मेलेली माणसं पुरली. बंदूक कुणी हातात दिली नाही. लढणाऱ्यांना चांदीचं पदक, राबणाऱ्यांना त्याच छापाचं कांस्याचं. इकडे गावात त्यांचं पत्र आलं की पोस्टमन ते महारवाड्याबाहेर धुळीत टाकून जायचा. हातात द्यायचा नाही. आबांची बायको ते पदराने पुसायची आणि मिशनच्या मास्तरांकडून वाचून घ्यायला तीन कोस चालत जायची. बाबा पुढे पोस्टातच लागले. पस्तीस वर्षांत एकही पत्र त्यांनी जमिनीवर ठेवलं नाही.

अशा माणसाचा मी मुलगा. बारावी झाल्या झाल्या गॅझेटात आडनाव बदलून घेतलं. गावाचं नाव आणि पुढे ‘कर’. आपल्या लोकांची खोड आहे, आडनाव ऐकलं की लगेच “म्हणजे तुम्ही कुठले?” माझं नवं आडनाव ऐकून पुढची चौकशी थांबायची. बाबांनी फॉर्मवर सही केली.

मेधाताईंनी पदक उलटं करून पाहिलं. “कांस्याचं म्हणजे हमाल-मजूर. ठीके. मालकांच्या घरचे नोकरसुद्धा गेले, असं दाखवू. छान वाटेल.”

सगळे हो हो म्हणाले. मी पोहे खात होतो. वर पुन्हा मागून घेतले. हे लिहायला लाज वाटते, म्हणून लिहितो.

प्रदर्शन नोव्हेंबरातल्या एका रविवारी होतं. बाबांना तिथे नेणं मी आठवडाभर टाळत होतो. थंडी आहे, गर्दी असेल, बसायला जागा नसते. स्वतः मात्र सकाळीच खुर्च्या मांडायला गेलो.

तिथे नोरीन भेटली. लायब्ररीत काम करायची. तिने आजोबांच्या भावाचा फोटो लावला होता, ब्रिटिश गणवेशातला. म्हणाली, हा आमच्याकडे वर्षानुवर्षं प्रेसमध्ये उलटा घालून ठेवला होता. प्रेस म्हणजे इकडे कपाट. आयरिश लोक पुढे ब्रिटिशांविरुद्धच लढले, म्हणून ब्रिटिशांकडून लढून आलेल्याबद्दल घरात बोलायचं नाही अशी रीत. “आम्हाला त्याची लाज वाटायची,” ती म्हणाली. “आता आमचीच वाटते.”

तरी मी आमच्या फलकाकडे गेलो नाही.

दुपारी बाबा आलेच. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा, इराचा हात धरून, कोटाची सगळी बटणं लावून. इराने फोटो लगेच ओळखला आणि त्याखालचं मोठ्याने वाचलं. इंग्रजीतच, तिच्या आयरिश हेलात. माझं आडनाव. त्यापुढे, या कुटुंबाचा विश्वासू सेवक, मालकांच्या आज्ञेवरून युद्धावर गेला.

“बट आजोबा, दॅट्स युअर आबा! व्हाय सर्व्हंट?”

बाबांनी चष्मा लावला. एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचलं. मग माझ्याकडे वळले.

“कोनं सांगतलं यायले हे?”

“मी.”

वाटलं, तिथेच जमिनीत गडप व्हावं. मी काहीतरी समजावू लागलो. त्यांनी हात वर केला.

“मले नोको सांगू. त्याईले सांग.”

मेधाताई माईकपाशी उभ्या होत्या. मी त्यांना जातीसकट खरं ते सांगितलं आणि माईक मागितला. त्या आधी हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “अरे, मग तेव्हाच सांगायचंस ना! आम्ही कुठे जातपात मानतो? पण आता माईकवर नको. मंडळाचं नाव आहे.”

त्यांना खरंच वाटत होतं की त्या काही मानत नाहीत. फोटो हातात घेतला तेव्हा मात्र गड्याखेरीज दुसरं काही त्यांच्या मनात आलं नव्हतं. आणि त्यांच्या मनात जे आलं ते मी निमूट खरं केलं होतं.

मी माईक घेतला. आधी मराठीत बोललो, मग इंग्रजीत. “हे माझे पणजोबा. जातीने महार. कुणाचे गडी नव्हते. गडी आहेत असं मी सांगितलं, कारण मी तुम्हाला घाबरलो.”

कुणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि थांबलं. फोटोखालची पट्टी मी उपटली. नोरीनने कागद आणि पेन दिलं, आणि आबांचं पूर्ण नाव मी हाताने लिहिलं. मेधाताईंनी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, “आज बोलला. बेस झालं. पन त्या दिवशी हो म्हनला, ते कसं पुसशीन?”

डिसेंबरात ते परत गेले. फोटो आणि पदक सोबत नेलं. माझ्याकडे ठेवलं नाही आणि मी मागितलंही नाही.

त्यांची माफी मागून मला मोकळं व्हायचं नाही. तो हो पुसला जाणार नाही, आणि जाऊही नये. पण असा ‘हो’ तो एकच नव्हता. मुंबईत घर भाड्याने घेताना होता, लग्नाच्या पंगतीत होता. इथल्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर पुण्याचे दोघं कोट्यातल्या इंजिनिअरांवर विनोद करायचे. मी हसायचो. एकदा तर मीच एक सांगितला होता.

बाबा गेले त्यानंतरच्या सोमवारी डबा घेऊन त्या दोघांसमोर बसलो. त्यांनी विषय काढायची वाट पाहिली नाही. म्हणालो, “मी कोट्यातला आहे. महार आहे. तुम्ही दोन वर्षं हसताय ते माझ्यावर, आणि मी तुम्हाला साथ दिली. आता देणार नाही. इथे नाही, कुठेच नाही.”