अर्धा गुन्हा कबूल

माझी थोरली जाऊ शालनअक्का. तिला अख्खा भिगवणचा बाजार 'लूनावाली' म्हणायचा, आणि पाठ फिरली की आणखी काहीबाही म्हणायचा. म्हणेनात का! ज्यांच्या बायका एस.टी.ची वाट बघत तासतास उन्हात उभ्या राहायच्या, त्यांनाच लई खुपायचं. मी अंजली, धाकटी जाऊ. जे सांगते ते लूनाच्या मागच्या सीटवर बसून भोगलेलं हाय, ऐकीव न्हाय.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. भिगवण-बारामती रस्त्याला आमची वस्ती. अक्कानं कोंबड्या पाळल्या होत्या आणि अंड्यांच्या पैशातून जुनी डबल सीट लूना घेतली होती. रोज सकाळी हायवेवरच्या हॉटेलांना अंडी पोच करायची. टोपलीत खाली उसाचं पाचट, वर अंडी, त्यावर पुन्हा पाचट, आणि सगळं सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळलेलं. शिवाय एक ट्रे माझ्या मांडीवर. बारामतीकडून एका पोल्ट्रीचा टेम्पो यायचा. जो आधी पोचंल त्याची अंडी खपायची, म्हणून अक्का लूना पळवायची. कशी पळवायची म्हणता? मी मागं डोळे मिटून 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत बसायची.

आमचे सासरे रावजीआबा रेल्वेत गँगमन होते. जन्म सगळा रूळ ठोकण्यात गेला. त्यांच्या तोंडात शिवी कधी आली न्हाय, पण एक शब्द शिवीच्या वरताण होता: हयगय. म्हशीला पाणी दाखवायला उशीर झाला, हयगय. कंदिलाची काच पुसायची राहिली, हयगय. "रुळाची एक खुंटी सैल ऱ्हायली तरी आख्खी गाडी आडवी व्हती," म्हणायचे. लूना दारात आली त्या दिवशी त्यांनी अक्काला बजावलं, "पळव किती पळवायची ती. पर हयगय केलीस असं कानावर आलं, तर इकून टाकीन." स्वतः मात्र त्या लूनावर कधी बसले न्हाईत. सुनेच्या मागं बसायचं म्हणजे काय! पेन्शन आणायला भिगवणपर्यंत तंगडतोड करत जातील, पण बसणार न्हाईत.

एक दिवस भिगवणच्या शाळेजवळ हवालदारानं शिट्टी मारली. तिथं वेग कमी ठेवायची पाटी होती, आणि अक्का त्या टेम्पोला मागं टाकून सुसाट आली होती.

"बाई, शर्यत लावली का काय?"

"व्हय, त्या टेम्पोसंगं. मग त्याला बी धरा."

"कुठाय टेम्पो?"

"हा काय आला," अक्का म्हणाली, आणि टेम्पो आमच्या अंगावर धूळ उडवत निघून गेला. हवालदारानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि खिशातून पेन काढून आमचं नाव विचारलं. बाई गाडी पळवताना दिसली की ती बरोबर डोळ्यात भरती, दुसरं काय!

माणूस तसा वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? टोपली बघून म्हणाला, "गावरान का?" मग उभ्या उभ्या घासाघीस केली, डझनभर अंडी रुमालात बांधली आणि ठरले तेवढे पैसे दिले. आणि त्याच हातानं खटला भरला.

पुढं समन्स आलं. आबा म्हणाले, "वाच." मी दहावी शिकलेली, वाचायला लागले. "...सदर इसमाने हयगयीने व भरधाव वेगाने वाहन चालवून..." भरधाव पुढं होतं, पण आबा तिथपर्यंत आलेच न्हाईत. हयगयीनं म्हटल्याबरोबर उठले. म्हशीची साखळी आणली, लूना लिंबाच्या झाडाला बांधली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला लावली.

"आबा, ते समद्यांच्याच कागदावर लिवत्यात," मी म्हणाले.

"मग कोर्टानं तसं सांगावं. कोर्ट हयगय म्हणलं, तर लूना बाजारात."

अक्काची लूना गेली म्हणजे हॉटेलं गेली, कोंबड्या गेल्या, आणि पुन्हा चार पैशासाठी नवऱ्याच्या तोंडाकडं बघणं आलं. त्या दिवसापासून आमी टोपल्या डोक्यावर घेऊन एस.टी.नं जायला लागलो. टेम्पो रोज आमच्या आधी पोचायचा.

तारखेला इंदापूरला गेलो. आप्पासाहेब नावाचे ओळखीचे वकील होते. ते म्हणाले, "बाई, सोपं आहे. एक तर कबूल म्हणा, दंड भरा, दुपारच्या गाडीनं घरी जा. नाहीतर सगळंच नाकबूल म्हणा. त्यानं वेग नुसत्या डोळ्यानं मोजलाय, तो टिकत नाही. सुटाल."

"पर मी पळवली हुती की," अक्का म्हणाली.

"कोर्टात असं बोलायचं नसतं!"

"का? कोर्टात खरं बोलायचं नसतं व्हय?"

आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला.

आत एकेकाचं नाव पुकारत होते. गुन्हा कबूल? कबूल. पुढचा. कबूल. मेंढरं हाकावीत तशी माणसं पुढं सरकत होती. अक्काचा नंबर आला. कारकुनानं एका दमात वाचलं, हयगयीने-व-भरधाव-वेगाने. न्यायाधीशसाहेबांनी मान वर न करता विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"अर्धा कबूल हाय."

आता साहेबांनी वर बघितलं. "अर्धा गुन्हा नसतो, बाई."

"कागदावर दोन शबूद हायती, साहेब. भरधाव माझा हाय, तो मी घेते. हयगय माझी न्हाय. ती ज्यानं लिवली त्यानं माघारी न्यावी."

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. अक्कानं अशी वळून नजर टाकली की हसणं तिथंच गप झालं. साहेब म्हणाले, "त्यानं काय फरक पडतो? दंड तर भरावाच लागणार."

"दंडाचं कोण बोलतंय, साहेब? मी अंडी इकती. माझ्या हातात हयगय हाय म्हणलं तर माझं ऱ्हायलं काय?"

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढची तारीख दिली.

त्या तारखेला हवालदार साक्षीला आला. आप्पासाहेब उठायला लागले, तर अक्कानं त्यांच्या काळ्या कोटाची बाही धरली. "थांबा. मला इचारू द्या." साहेबांनी मानेनंच हो म्हटलं.

"हवालदारसाहेब, त्या दिवशी माझ्याकडनं काय घेतलं?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अंडी. पण साहेब, पैसे दिलेत मी! रोख दिलेत!"

"दिलं की. मी कुठं न्हाय म्हणते? भरधाव पळवून थांबले, तवाच घेतली ना?"

"हो."

"घरी गेल्यावर फुटकी किती निघाली?"

सगळं कोर्ट त्याच्याकडं बघत होतं. खोटं बोलला असता तर आमची लूना तिथंच गेली असती. हवालदारानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"एकही नाही," तो म्हणाला. "खरं सांगतो साहेब, एकाला तडासुद्धा नव्हता. बायको म्हणाली, पुन्हा आणायची तर तिच्याकडूनच आणा."

मग मला बोलावलं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही मागे बसला होता. काय पाहिलं?"

"काय न्हाय, साहेब. मी डोळे मिटले होते."

झालं! आख्खं कोर्ट हसलं. अक्का माझ्याकडं अशी बघायला लागली की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं मला.

"म्हणजे भीती वाटत होती?" साहेब म्हणाले. "मग हयगय नव्हती असं कसं म्हणता?"

माझा बी पारा चढला. किती हसायचं माणसाला! मी म्हणाले, "भीती मला वाटत होती, साहेब. अंड्यांना न्हाय. माझ्या मांडीवर आख्खा ट्रे होता, त्यातलं एक हललं न्हाय."

साहेबांनी खाली मान घातली आणि लिहायला लागले. हसत होते का काय, ते मला दिसलं न्हाय.

निकाल लागला. वेगाचा दंड झाला. अक्कानं तो तिथंच भरला. "ह्यो माझा हाय," म्हणाली, आणि पावती चोळीत खोचली. हयगयीतून ती सुटली होती.

घरी पोचलो तेव्हा आबा लिंबाखालीच बसले होते. माझ्या हातातल्या निकालाच्या कागदाकडं बघून म्हणाले, "वाच."

"हयगयीचा आरोप सिद्ध होत नाही."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. आबांनी करगोट्याची किल्ली काढून अक्कापुढं धरली. अक्कानं हात पुढं केला न्हाय.

"साखळी कुणी घातली, आबा?"

"मी."

"मग तुमीच काढा. आन गाडी दारापतूर तुमीच आणा."

बाई गं! आमच्या घरात आबांना असं कुणी बोललं नव्हतं. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले, कुलूप काढलं, साखळी सोडली. मग हँडल धरून लूना ढकलत दारापर्यंत आणली आणि धोतराच्या सोग्यानं तिची सीट पुसली. पुसता पुसताच म्हणाले, "उद्या पेन्शन हाय माझी. भिगवणला जायचंय."

"चालत?"

आबांनी नुसता मागच्या सीटवर हात ठेवला.

"बसा की," अक्का म्हणाली. "पर माझ्या मागं बसायचं तर डोळं उघडं ठिवायचं."