डौवे बेकरची रुसलेली झोप

आमच्या गावचा बेकर डौवे छत्तीस वर्षं रात्री दोनला उठत आला. पहाटे साडेपाचला भट्टीतून पहिले पाव निघायचे, सातला मी दुकानाचं दार उघडायचे. मी बौक्ये, एकोणीस वर्षं त्या दुकानाच्या काउंटरमागे उभी आहे. त्यामुळे पुढचं जे सांगणार आहे, त्यातलं थोडं मी पाहिलं आणि बाकीचं त्याच्या बायकोनं, हिंकेनं, पाव कापता कापता मला सांगितलं.

दोनला उठणारा माणूस संध्याकाळी सातला अंथरुणात शिरणारच. उन्हाळ्यात तर बाहेर लख्ख ऊन असायचं, पोरं कालव्यात उड्या मारत असायची आणि डौवे पडदे ओढून पडलेला. झोप त्याची कधी पुरी झालीच नाही. रविवारी प्रवचनात तो डुलक्या काढायचा, दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत झोपायचा, एकदा तर मुलीच्या लग्नात भाषण करायला उभं राहायची वेळ आली आणि हा टेबलावर डोकं टेकून गाढ. शेजारचा म्हातारा मेंढपाळ गेरलोफ म्हणायचा, "याला पुरताना नीट बघा रे, नाहीतर नुसता झोपलेला असायचा."

हिंके दुकान आवरून, कपडे इस्त्री करून अकराला झोपायची. तिनं पाठ टेकल्यावर तीन तासांत हा उठून खाली जायचा. दोघांचा संसार चालला तो दुपारच्या बाराच्या जेवणावर आणि पिठाच्या पिशवीच्या तुकड्यांवर लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर.

पंचावन्न उलटली की आमच्याकडे आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं पाकीट घरी येतं. शौचाचा नमुना घालायचा आणि टपालानं परत धाडायचा. डौवेनं ते पाकीट यीस्टच्या डब्यामागे दोन महिने दडवलं. हिंकेला ते सापडलं, तेव्हा तिनं ते दुपारी त्याच्या ताटात ठेवलं.

"बटाटे कुठायत?" त्यानं विचारलं.

"आधी हे, मग बटाटे."

त्या बटाट्यांनीच त्याचा जीव वाचवला, असं मी अजून मानते. तपासणीत कॅन्सर निघाला, फेब्रुवारीत ऑपरेशन झालं आणि एप्रिलपासून दर दोन आठवड्यांनी शहरातल्या हॉस्पिटलात सलाईनमधून औषध सुरू झालं. भट्टी थंड पडली. पाव शेजारच्या गावाहून यायला लागले. गिऱ्हाइकं शहाणी, तक्रार कुणी करायचं नाही, पण पाव हातात घेऊन जरा दाबून बघायची आणि उसासा टाकायची.

आणि नेमकी तेव्हाच डौवेची झोप गेली.

मळमळ होऊ नये म्हणून हॉस्पिटलानं गोळ्या दिल्या होत्या, दिवसातून दोन. एक तो सकाळी घ्यायचा, दुसरी संध्याकाळच्या जेवणानंतर. मग सवयीप्रमाणे सातला पलंगावर जायचा आणि पहाटे पाचपर्यंत छताकडे बघत पडायचा. दिवसा मात्र खुर्चीत मान कलंडायची, दोन-दोन तास.

"जन्मभर झोपेच्या मागं धावलो," तो मला म्हणाला. "आता वेळच वेळ आहे, तर बाईसाहेब रुसल्या."

गावात बातमी पसरायला दुकानासारखी जागा नाही. आठवड्याभरात उपाय यायला लागले आणि ते सगळे माझ्याच हातून वर, दुकानावरच्या त्यांच्या घरात जायचे. शाळेच्या बाईंनी बडीशेपेच्या चवीचं दूध करायला वड्या दिल्या. पाद्र्यांच्या बायकोनं सुकलेली फुलं भरलेली उशी शिवली. कुणी लोकरीचे मोजे दिले, कुणी लॅव्हेंडरचं तेल. गेरलोफनं बेरेनबर्गची बाटली आणली, आमची ती कडवट, औषधी मुळ्यांची दारू. हिंकेनं ती त्याच्या देखत कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"मग मेंढ्या तरी मोज," गेरलोफ डौवेला म्हणाला. "मनातल्या कशाला, माझ्याकडे खऱ्या सत्तर आहेत."

डौवे खरंच गेला. बांधावर उभा राहून त्यानं तीनदा मोजल्या आणि तीनदा एकोणसत्तर भरल्या. सत्तरावी पलीकडच्या खड्ड्यात उताणी पडली होती, पाय वर. लोकरीच्या भारानं मेंढी एकदा उलटली की तिला आपलं आपण उठता येत नाही, तशीच मरते. डौवेला स्वतःला धड उभं राहवत नव्हतं, पण त्यानं गुडघे टेकून तिला ढकलून सरळ केली. घरी आला तो कोपरापर्यंत चिखलानं माखलेला आणि कितीतरी दिवसांनी हसत. रात्री झोप मात्र आली नाही.

मे महिन्यात त्याची बहीण आफके आली. तिचा या भावावर फार जीव. तिनं माझ्या हातात औषधाच्या दुकानातली छोटी पिशवी दिली. "ह्या कॅप्सुली त्याला दे. सिंट यान म्हणतात त्या पिवळ्या फुलांच्या आहेत. माझं मन ठिकाणावर नव्हतं तेव्हा मला ह्यांनीच तारलं. आणि हिंकेला नको सांगू, ती उगीच डॉक्टरला विचारत बसेल."

"विचारलेलं बरं नव्हे का?" मी म्हटलं.

"अगं, झाडपाला आहे! झाडपाल्यानं कुणाचं काय वाईट झालंय?"

मी पिशवी वर दिली. आजही ते आठवलं की माझे कान तापतात.

डौवेनं त्या तीन आठवडे घेतल्या, गुपचूप. झोप होती तशीच. मग जूनमध्ये पुढच्या सलाईनच्या आधी नर्सकडे जायचं होतं. रेन्स्के तिचं नाव, उंच, मोठ्या हातांची, मूळची आमच्याच भागातली, त्यामुळे बोलायला आडपडदा नाही. तिनं त्याच्या डोळ्यांखाली बघितलं.

"झोप?"

"नाही."

"दुसरं कुठलं औषध घेता?"

"नाही."

मग तिनं प्रश्न फिरवला. "बरं. गावकऱ्यांनी काय काय आणून दिलं?"

यावर डौवे खुलला. दूध, उशी, मोजे, बाटली, मेंढी, सगळं रंगवून सांगायला लागला. हिंकेही हसत होती. ओघाओघात तो म्हणाला, "आणि बहिणीच्या त्या पिवळ्या फुलांच्या कॅप्सुली."

रेन्स्केनं पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

ती उठून डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी समजावून सांगितलं. ही फुलं यकृताला भलतंच कामाला लावतात, आणि मग यकृत कॅन्सरचं औषध वेळेआधीच शरीराबाहेर हाकलतं. म्हणजे त्रास सोसायचा सगळा आणि गुण निम्मा. कॅप्सुली त्याच दिवसापासून बंद. त्यांचा असर उतरेपर्यंत सलाईनही दोन आठवडे पुढं ढकललं.

घरी आल्यावर हिंके थेट दुकानात माझ्यासमोर उभी राहिली.

"पिशवी तू दिलीस?"

"हो."

"मला सांगायचं होतंस, बौक्ये."

इतकंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आफके संध्याकाळी धावत आली आणि स्वयंपाकघरात बसून रडायला लागली. डौवेनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "गप. तू काय विष आणलं होतंस? झोप आणायला गेलीस, वाट चुकलीस. मी नर्सला सांगितलं नाही, तो गाढवपणा माझा."

त्या भेटीत रेन्स्केनं त्याला एक कागदही लिहून दिला होता. हिंकेनं तो फ्रिजवर चिकटवला. मळमळीची दुसरी गोळी दुपारी जेवतानाच घ्यायची. ती गोळीच माणसाला जागं ठेवते, म्हणून डॉक्टरांनी वेळ बदलून दिली होती. उठायचं रोज साडेसहाला, रात्र कशीही गेलेली असो. दिवसा वीस मिनिटांच्या वर डोळा लावायचा नाही, तोही तीनच्या आत, घड्याळ लावून. उजेडात चालून यायचं, अंगात असेल तेवढंच. आणि अकराच्या आत पलंगावर जायचंच नाही. झोप नाही आली तर उठायचं, दुसऱ्या खोलीत बसून काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत यायचं. "पलंग झोपायला आहे," रेन्स्के म्हणाली होती, "विचारांचं दुकान मांडायला नाही." अगदीच असह्य रात्रींसाठी डॉक्टरांनी मोजून सहा झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या.

"अकरा?" डौवे कागद वाचून म्हणाला. "रात्रीचे अकरा कसे दिसतात तेच मला माहीत नाही."

पहिल्या रात्री अकराला दोघं बरोबर वर गेली आणि पलंगापाशी अडली. डौवे उजवीकडून शिरला आणि सरकत मधोमध आला. हिंके डावीकडून शिरली, तीही मधोमध आली. छत्तीस वर्षं दोघांनाही पलंग बहुतेक वेळ एकट्याला मिळालेला. मधली जागा दोघांचीही.

"सरक की."

"तू सरक. ही माझी जागा आहे."

"तुझी कशी? गादीला खड्डा माझा पडलाय."

"खड्डा दोघांचा आहे," हिंके म्हणाली आणि तिला हसू आवरेना. हे मला सांगतानाही तिच्या हातातली सुरी थांबली होती आणि गिऱ्हाईक ताटकळत होतं.

पण झोप काही हसण्यानं येत नाही. दोघं कडेकडेला पडायची, पाठीला पाठ. डौवे जागा असायचा आणि हलायचा नाही, बायको उठेल म्हणून. कागदावर उठायला सांगितलं होतं, तरी उठायचा नाही. असे आठ-दहा दिवस गेले. मग एका रात्री, दीडच्या सुमारास, त्याला पडून राहवेना. तो हळूच उठला, खाली स्वयंपाकघरात गेला आणि रेन्स्केनं सांगितल्याप्रमाणे कंटाळवाणं काम शोधायला लागला. चमच्यांचा खण उपसून त्यानं चमचे लावायला घेतले.

दहा मिनिटांत दारात हिंके उभी.

"उठवलं का तुला?" तो कावराबावरा झाला. "मी अजिबात आवाज केला नाही."

"मी झोपलेच नव्हते."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून," हिंके म्हणाली.

डौवेच्या हातात चमचा तसाच राहिला.

"तू श्वास घेतोस की नाही ते बघत पडते मी," ती म्हणाली. "सातला तू पडायचास तेव्हाही अधूनमधून वर येऊन दाराशी उभी राहायचे. आणि आता हलत नाही, म्हणजे तुला वाटावं मी झोपलेय."

"आणि मी हलत नाही, तुझी झोप मोडू नये म्हणून!"

"दोन ओंडके," हिंके म्हणाली.

मग ती त्याच्यासमोर बसली, तिनंही मूठभर चमचे ओढून घेतले, आणि चमचे लावता लावता दोघं बोलली. तिनं सांगितलं की ऑपरेशनच्या दिवशी तिनं मनातल्या मनात त्याच्या शवपेटीला सहा खांदेकरी ठरवले होते आणि त्याची तिला इतकी लाज वाटत होती की पुढे त्याच्याकडे नीट बघवत नव्हतं. डौवेनं हातातला चमचा खणात ठेवला. मग म्हणाला, "गेरलोफला घेतलंस का?"

"घेतलं."

"तो बुटका आहे. पेटी कलंडेल."

ती हसली आणि मग रडली. त्यानंही सांगितलं. मरणाची त्याला तेवढी भीती नव्हती. पण हे सलाईन, ही मळमळ, हा सुन्न पडलेला हात, सगळं करून शेवटी उपयोग झाला नाही तर, ही भीती होती. आणि हिंकेला गरम पाण्याच्या बंबाचं बटण माहीत नाही, ही दुसरी. पहाटे तीनला त्यानं तिला तळघरात नेऊन ते बटण दाखवलं. परत पलंगावर गेली तेव्हा तिला आधी झोप लागली. तो म्हणाला, त्या रात्री तिच्याकडे बघत मीही सुमारे तासभर झोपलो, आणि छत्तीस वर्षांतला तो सगळ्यात चांगला तास होता.

रेन्स्केला हे कळल्यावर तिनं कागदावर एक ओळ वाढवली. दुपारी साडेचारला अर्धा तास काळजीचा. टेबलाशी बसायचं, डोक्यात असेल ते लिहायचं, एकमेकांना वाचून दाखवायचं, वही बंद करायची. रात्री काळजी दारात आली तर तिला सांगायचं, उद्या साडेचारला ये. त्या अर्ध्या तासात मी त्यांना हाक मारायची नाही, असं ठरलं होतं.

एकदम काही बदललं नाही. सलाईननंतरच्या दोन-तीन रात्री वाईटच जायच्या. त्या सहा गोळ्यांतल्या चार संपल्या. पण जुलैत तो सलग चार तास झोपला, ऑगस्टअखेर पाच. काही दिवस तर चक्क साडेसहाला त्याला उठवावं लागायचं आणि तो हिंकेवर गुरगुरायचा. ऑक्टोबरात औषधं संपली. तपासणीत काही सापडलं नाही. दर सहा महिन्यांनी जावं लागतं, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात दोघांचीही झोप उडते. ते आता चालायचंच, असं दोघं म्हणतात.

दुकान त्यानं शेजारच्या गावच्या बेकराला दिलं, मला मात्र ठेवायची अट घालून. शनिवारी तो सकाळी नऊला, माणसासारखा, भट्टीवर येतो आणि साखरेचा पाव करतो. बोटांना अजून मुंग्या येतात, त्यामुळे पाव जरा वाकडे होतात. गिऱ्हाइकं तेच मागून घेतात.

परवा तो पीठ झटकत काउंटरपाशी आला आणि हिंके ऐकत नाही असं बघून मला म्हणाला, "बौक्ये, तुला ठाऊक आहे, ती झोपेत बोलते. इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता."

"काय बोलते?"

तो लाजला. साठी उलटलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला.

"ते नाही सांगायचं," तो म्हणाला आणि पुढचा पाव आणायला आत गेला.