मावशींचं ‘मग?’

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतल्या मावशींना दुसऱ्याचं कुठलंही बोलणं संपलेलं खपत नसे. तुम्ही काहीही सांगा, त्या डोळे बारीक करून विचारणार, “मग?” दूधवाला म्हणाला, “मावशी, म्हैस आटली,” की “मग?” कंडक्टर म्हणाला, “गाडी भरली, जागा नाही,” की “मग?” एकदा डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि चांगलं गंभीर तोंड करून सांगितलं, “बीपी वाढलंय.” मावशी म्हणाल्या, “मग?” डॉक्टर बिचारे इतके गडबडले की त्यांनी आणखी एक गोळी लिहून दिली.

मावशी मूळच्या विंचूरकडच्या. मिस्टर रेल्वेत होते, म्हणून त्या आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायच्या. वयानं माझ्या आईएवढ्या, आवाजानं स्टेशनएवढ्या. आणीबाणी नुकतीच उठली होती, पण आमच्या जिन्यावर मावशींची चालूच होती असं सगळे म्हणत. अर्थात त्या घरात नसताना.

मी तेव्हा एका कचेरीत कारकून होते आणि चोरून गोष्टी लिहायचे. चोरून म्हणजे फक्त मला वाटायचं चोरून. आमच्या ह्यांनी साऱ्या कॉलनीत सांगून ठेवलं होतं, “आमची ही लेखिका आहे बरं का!” लेखिका कसली डोंबलाची! एक गोष्ट पुरी केली असेल तर शपथ. पहिली दोन पानं झरझर व्हायची. तिसऱ्या पानावर आले की वाटायचं, शी, हे काय लिहिलंय आपण? कोण वाचणार हे? मग टराटरा फाडायचं आणि सकाळी बंबात घालायचं. ह्यांची अंघोळ माझ्या साहित्यावर व्हायची.

मावशींना हे ठाऊक होतं. एकदा बंबातून पाणी न्यायला आल्या, बोट बुडवून बघितलं आणि म्हणाल्या, “शैला, तुझ्या गोष्टीनं पाणीबी तापत नाय गं. कोमटच हाय. पुरी लिहीत जा, म्हंजी जास्त जळंल.”

मी रडवेली झाले. म्हटलं, “मावशी, मला शेवट जमतच नाही. मला नाहीच येत लिहायला.”

“मग?” मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

त्या वर्षी नाशिकच्याच एका दिवाळी अंकानं कथास्पर्धा लावली होती. पावसाळ्याच्या आत गोष्ट पाठवायची होती. या खेपेलाही पुरी झाली नाही तर लिहिणं कायमचं बंद, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ह्यांना तसं सांगितलं, तर हे म्हणाले, “आणि माझ्या अंघोळीचं काय?”

त्यात उन्हाळा आला आणि पापड सुरू झाले. आमच्याकडची पद्धत अशी की आज हिच्या घरचे, उद्या तिच्या घरचे. ज्या घरचे पापड, तिनं उडदाचं पीठ भिजवून कुटून ठेवायचं आणि बाकीच्या साऱ्याजणींनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन गच्चीवर हजर व्हायचं. सेनापती मावशी. आदल्या उन्हाळ्यात लाटता लाटता कुणाच्या तरी सुनेचा विषय निघाला होता आणि प्रकरण लाटणी उगारण्यापर्यंत गेलं होतं. म्हणून मावशींनी फर्मान काढलं : गच्चीवर कॉलनीतल्या कुणाबद्दलही बोलायचं नाही. आता इतक्या बायका एकत्र बसणार आणि कुणाबद्दल बोलायचं नाही म्हणजे करायचं काय? अर्ध्या तासात सगळ्यांची तोंडं आंबट झाली. तेव्हा मावशींनी लाटणं माझ्याकडे रोखलं.

“ही लिवती ना? हिला इचारा. कॉलनीत नसलेली माणसं हिच्याकडं लय हायेत.”

मला घाम फुटला. पण मावशींना नाही म्हणायची कॉलनीत कुणाची टाप नव्हती. मी खाली मान घालून, लाटता लाटता, जी गोष्ट तिसऱ्या पानावर अडकली होती तीच सुरू केली. एक सुमन नावाची बाई असते. एका दुपारी ती कुणालाही न सांगता सासर सोडून निघते. सोबत फक्त एक पितळी स्टोव्ह. तो तिनं स्वतः शिवणकाम करून घेतलेला असतो, म्हणून तेवढा तिचा. तो घेऊन ती तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर येऊन बसते.

“मग?” मावशी.

“पिन घेतली का तिनं?” शेजारच्या पाटीलवहिनींनी विचारलं. “पिन नसली तर स्टोव्ह काय कपाळावर पेटवणार?”

“रॉकेल सांडलं असेल की पिशवीत!” आणखी कुणीतरी म्हणालं.

मी घाईघाईनं पिन घेतली, रॉकेल ओतून टाकलं. रोज थोडी थोडी गोष्ट पुढं सरकू लागली. सुमनच्या शेजारी एक म्हातारा येऊन बसला, सासरच्या गावची गाडी लागली, माहेरच्या गावची गाडी लागली. सुमन कुठल्या गाडीत चढणार यावरून गच्चीवर दोन तट पडले.

आणि मग ती भानगड झाली. उडदाची लाटी तेलात बुडवून खायची चटक कुणाला नसते? एरवी एखाददुसरी तोंडात टाकायची रीत. पण गोष्ट रंगली की बायका भान विसरून लाट्याच खात सुटायच्या. पापड लाटले जायचे ते नकाशासारखे. एका दुपारी सुमनच्या नवऱ्याचा भाऊ स्टँडवर आला आणि ती खांबाआड लपली, तेव्हा पाटीलवहिनींचं अर्धंअधिक पीठ फस्त झालं. त्यांनी रिकाम्या परातीकडे बघून टाहो फोडला, “माझ्याकडच्या पापडांना हिला बोलावू नका गं बाई! वर्षभर पाहुण्यांना काय तळून घालू, हिची सुमन?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी मात्र खूश. “बघ,” त्या म्हणाल्या, “परवा तुझी गोष्ट पाणचट झाली, तर साऱ्यांचे पापड कसे गोल गरगरीत! आज एक धड नाय. अजून काय पायजे तुला?”

पण शेवट काही सापडेना. स्पर्धेचे दिवस संपत आले आणि त्यातच कळलं, मावशींचे मिस्टर रिटायर झाले, दोघं विंचूरला चाललीत.

जायच्या सकाळी टेम्पो लागला. सामान चढलं. मावशी ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर भगवान बुद्धांची तसबीर टॉवेलात गुंडाळून. त्यांचे मिस्टर मागं गाद्यांवर. सगळ्याजणी रडत होत्या. मी पाया पडायला वाकले, तर मावशी म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ दे. सुमनचं काय झालं? मग?”

“मावशी, अजून सुचलं नाही. पत्रानं कळवते.”

“ए बाबा, गाडी बंद कर,” त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. “हिचं झाल्याबिगर जायाचं नाय.”

ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला आणि इंजिन बंद केलं. सगळी कॉलनी माझ्याकडे बघायला लागली. माझी बोबडी वळली. पण मावशी तशाच बघत होत्या, जणू शेवट माझ्या पदराला बांधलेला आहे आणि मी उगाच आढेवेढे घेतेय. आणि मी बोलायला लागले.

“सासरची गाडी सुटली. सुमन बसली नाही. माहेरची गाडी सुटली. सुमन बसली नाही. म्हाताऱ्याला थंडी वाजत होती. त्याच्याजवळ थोडं रॉकेल होतं, बोचक्यात पातेली आणि चहा-साखरही होती. सुमननं पिशवीतून पिन काढली, स्टोव्ह साफ केला आणि तिथंच स्टँडवर पेटवला. चहा टाकला. म्हाताऱ्यानं घेतला. मग शेजारच्यानं विचारलं, बाई, आम्हाला मिळेल का?”

मी थांबले. मावशींचं ‘मग?’ आलं नाही. मी घाईनं म्हटलं, “पण मावशी, नवरा शोधत आला तर, म्हणजे ते मी अजून...”

“येऊ दे,” मावशी म्हणाल्या. “त्योबी पैशे टाकून चहा पिईल. झाली गोष्ट. आता बोलू नको.”

त्यांच्या तोंडून ‘झाली गोष्ट’ असं मी पहिल्यांदाच ऐकलं. तेवढ्यात ड्रायव्हर पुढं वाकून म्हणाला, “मग? चहा खपला का?”

“खपला की!” मावशी खेकसल्या. “चालव गाडी!”

त्याच दिवशी मी रजा टाकली आणि गोष्ट लिहून पुरी केली. दुसऱ्या दिवशी बंबात घालायला कागद नव्हते. ह्यांनी गार पाण्यानं अंघोळ केली आणि बाथरूममधून ओरडून माझं अभिनंदन केलं.

बक्षीस नाही मिळालं, पण गोष्ट छापून आली. अंक घेऊन मी विंचूरला गेले. मावशींनी हात पदराला पुसले, माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी कौतुकासाठी अगदी तयार बसले होते.

“मग?” मावशी म्हणाल्या. “फुडची कंची?”

पुढं आमच्याकडे गीझर आला आणि फाडलेल्या कागदांचा काही उपयोगच उरला नाही. तोवर माझ्या बऱ्याच गोष्टी छापून आल्या होत्या. मावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी दुसऱ्यांदा विंचूरला गेले. त्यांची सून जवळ येऊन बसली. म्हणाली, “शेवटच्या दिवशी डॉक्टर आले होते. म्हणाले, आजी, आता काही विचार करायचा नाही, नुसतं डोळे मिटून पडायचं.”

मी तिच्याकडे बघितलं. तीही माझ्याकडे बघत होती. त्या भरल्या घरात आम्ही दोघी तोंडाला पदर लावून आधी खदखदून हसलो आणि मग हमसून हमसून रडलो.