कोंड्याच्या खोलीची कडी

अन्याय मावशीवर झाला. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, कारेगावच्या पुढच्या एका शेडमध्ये. मावशी माझ्या नात्यातली नाही. इनामगावहून कामाला यायची, वयानं मोठी, सगळेच तिला मावशी म्हणायचे.

आम्ही तिथं मित्रकोळी वाढवायचो. ढोबळी मिरचीवरचे फुलकिडे खाणारा, डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव. बाटल्या भरून दौंडकडच्या पॉलिहाऊसवाल्यांना जायच्या. फवारणी नको, विष नको, हे शेडच्या पत्रकांत मीच लिहायचे आणि आजही तेच म्हणते. पण शेडमध्ये या कोळ्यांनी खायचं काय? त्यांच्यासाठी गव्हाच्या कोंड्यात दुसरे, पांढरे कोळी वाढवायचे. ती खाद्याची खोली मावशीकडे. दमट, बिनखिडकीची. दार एकच, त्याला वीतभर काच, आणि कडी माझ्या बाजूला, मित्रकोळ्यांच्या खोलीत. माझ्या कपड्यांवरून चार मित्रकोळी जरी आत गेले, तरी सगळं खाद्य फस्त करणार. म्हणून मावशी एकदा आत गेली की मी बाहेरून कडी लावायची, आणि सुट्टीपर्यंत दार उघडायचं नाही.

कोंड्याची धूळ, त्यात कोळ्यांची धूळ. आधी खोकला, मग धाप.

"साहेब, छाती भरती हो," मावशी सुपरवायझरला म्हणाली.

"घरी चुलीपुढं बसता, तवा न्हाई व्हय भरत?" म्हणाला, आणि फडक्याचा मास्क दिला.

त्या सोमवारी दारावर थापा ऐकू आल्या. काचेतून पाहिलं तर मावशी गुडघ्यांवर, तोंड उघडं, आवाज नाही. मी कडीला हात घातला.

"ए, उघडू नको! अख्खी बॅच जाईल!" सुपरवायझर मागून ओरडला.

"आन् मावशी गेली म्हंजी?"

मी उघडलं. ओढून बाहेर आणलं. बऱ्याच वेळानं तिला श्वास सापडला, आणि पहिला शब्द काय, तर "कडी लाव गं बाई, कोळी शिरत्याल."

बॅच गेली. आम्हा दोघींना काढलं. डॉक्टर म्हणाले, त्या धुळीत परत जायचं नाही. मावशी आता अंगणातच झोपते, घराचं दार लावलं की घाबरते.

त्या खोलीत दुसरी बाई आली आहे. कडी तिथंच आहे.

पॉलिहाऊसवाल्यांनो, पुढची बाटली घ्यायच्या आधी त्या शेडमध्ये जा. कडी कुठल्या बाजूला आहे, स्वतः बघा. बाहेरून असेल, तर तुमच्यासमोर उखडायला लावा. तोवर एक बाटली उचलू नका.