धाकट्या घरचे मीठ

आमच्या गावात आमच्या आडनावाची दोन घरे आहेत. एकाला मोठे घर म्हणतात, दुसऱ्याला धाकटे. माझ्या पणजोबांकडे पोलीस पाटीलकी होती, ते मोठे घर. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, ते धाकटे. मान कोणाला द्यायचा हा प्रश्न गावाने केव्हाच सोडवला आहे, आणि उत्तर आमच्या बाजूचे नाही.

आम्ही खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी इतके खारट की वऱ्हाडातल्या सत्याग्रहींना समुद्रापर्यंत जावे लागले नाही. विहिरीचे पाणी कढईत आटवले, तळाशी मीठ उरले, कायदा मोडला. धाकट्या पणजोबांनी ते आटवले आणि माझ्या पणजोबांनी फौजदाराला कोणती कढई कोणाची ते दाखवले. याबद्दल दोन्ही घरांचे एकमत आहे. आमच्याकडे त्याला नोकरी म्हणतात. त्यांच्याकडे जो शब्द आहे तो आमच्या तोंडावर कोणी उच्चारत नाही.

त्या कढईतले मूठभर मीठ धाकट्या घरात काचेच्या बरणीत जपले आहे, असे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. पंधरा ऑगस्टला ती बरणी शाळेत येई. ती आणण्याचा मान माझ्या चुलतबहिणीचा. ती माझ्याच वर्गात होती. वर्गात पहिली मी, गणितात पैकीच्या पैकी मला. ती काठावर पास. पण त्या दिवशी पाहुणे तिच्या डोक्यावर हात ठेवत. एकदा एका पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "आणि ही कोणाची?" गुरुजी म्हणाले, "पाटलाची." पाहुणे "बरं" म्हणाले आणि पुढे गेले. मी बक्षिसाची वही छातीशी धरून उभी होते. त्या "बरं"चा राग मला अजून येतो.

घरी येऊन मी वडिलांना विचारले, आपल्याकडे असे काही का नाही? ते म्हणाले, "आपल्याकडे वावर हाय." ते खरे होते. काळी कसदार जमीन आमच्याकडे टिकली, त्यांची गेली. त्या जमिनीवर मी शिकले. आज मी अमरावतीत रसायनशास्त्रात संशोधन करते. विषय खारपाणपट्ट्यातल्या विहिरींमधले क्षार. विषय निवडताना मार्गदर्शकांना मी भूजलाची कारणे दिली. ती खरी होती, पुरेशी नव्हती.

या उन्हाळ्यात गावच्या शाळेने स्वातंत्र्यलढ्याच्या वस्तूंसाठी एक खोली मोकळी केली. बरणी आता कायमची तिथे राहणार होती. मुख्याध्यापकांना त्याआधी कोणा जाणकाराचा शब्द हवा होता. चुलतबहीण अकोल्यात एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. तिचा फोन आला.

"काय वं डाक्टरीनबाई, दवाई तं तुमी देत नाई. मंग एक सर्टिफिकेट तं द्या."

बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर तिने मला प्लास्टिकच्या डबीत चिमूटभर मीठ दिले. देण्याआधी तिने डबी कपाळाला लावली. मला तिचा तो सराईतपणा सहन झाला नाही.

आमच्या विहिरींच्या मिठात मॅग्नेशियम असतेच. या मिठात ते जवळजवळ नव्हते. मग मी आयोडीनची साधी चाचणी केली. नमुना निळाजांभळा झाला. सत्याग्रहाच्या काळात मिठात आयोडीन कोणी घालत नव्हते. हे किराणा दुकानातल्या पुडीतले मीठ होते. खात्रीसाठी मी चाचणी पुन्हा केली, आणि त्यानंतर आणखी एकदा. शेवटच्या वेळी खात्री होतीच; तो रंग मला पुन्हा पाहायचा होता. इतका स्वच्छ आनंद मला कोणत्याही शोधनिबंधाने दिलेला नाही.

रविवारी गावी गेले. चुलतबहीणही आली होती. काकू, म्हणजे तिची आई, ओट्यावर अंबाडीची भाजी खुडत होती. मी ठरवलेले वाक्य म्हटले, "काकू, हे कढईतलं मीठ नाही."

चुलतबहिणीचा चेहरा उतरला. काकूचे हात थांबले नाहीत.

"नाईच हाय थे. पुडीतलं हाय. पावसाळ्यात पानी सुटते त्याले, दरसाली बदलतो आमी."

"आई, तू गप राय."

"काहून गप राहू? मोठ्या घरची पोरगी इतक्या दुरून इचाराले आली, तिले सांगा लागन."

"मग कढईतलं कुठं गेलं?" मी विचारले.

"पोटात," काकू म्हणाली. "तुह्या पनजोबानं वान्याले दम देल्ला होता, यायच्या घरी काई देऊ नोको. मानूस जेलात, घरात तीन लेकरं. माह्या सासूची सासू तुमच्या दारी इस्तो मागाले आली, तं चुलीतला इंगळ भी नाई भेटला तिले. कोरड्या भाकरीसंगं काय खावं मंग? थेच मीठ खाल्लं. कडू लागे म्हने."

मॅग्नेशियमचे क्षार कडू असतात. पुडीतल्या मिठावर गोष्ट रचणाऱ्याला "कडू" हा शब्द सुचला नसता. काकू खरे सांगत होती.

"पुढं स्वराज आलं. लोक मीठ पाहाले येऊन राहिले. म्हातारी त्यायले काय दाखवन? दुकानातलं आनलं आन् भरलं बरनीत." तिने देठे बाजूला लोटली. "जाय, सांग मास्तरले. मले कायची लाज? खाल्लं होतं, चोरलं नोतं."

"आई, शाळेवाले हसतीन आपल्याले," चुलतबहीण म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, "तुले काय करायचं थे कर."

अमरावतीला परतताना मी दोन्ही शक्यता तपासल्या. आयोडीनबद्दल सांगितले तर बरणी शाळेत जाणार नाही. पण मुख्याध्यापक कारण विचारायला येतील, आणि काकू हे सगळे भर ओट्यावर, अख्ख्या गावासमोर सांगेल. बरणीतले मीठ ही एक वस्तू आहे. पाहुणे नमस्कार करतात आणि विसरतात. उपाशी लेकरांनी खाल्लेले मीठ कोणी विसरणार नाही. आणि माझे पणजोबा, जे आजवर फक्त आपली नोकरी करत होते, ते लहान भावजयीला विस्तव नाकारणारे होतील. धाकट्या घराकडे आहे त्याहून मोठा मान पडून होता, आणि तो त्यांना मिळणे न मिळणे माझ्या एका वाक्यावर होते.

मी मुख्याध्यापकांना फोन केला आणि सांगितले की प्रयोगशाळेत मिठाचे वय काढता येत नाही. शास्त्रीयदृष्ट्या हे निर्दोष विधान आहे.

"हरकत नाही," ते म्हणाले. "'परंपरेनुसार' असा शब्द टाकून देतो."

बरणी शाळेत गेली. त्याच संध्याकाळी चुलतबहिणीचा फोन आला.

"उपकार झाले बाई तुहे. मले वाटलं होतं, तू दाखवून देशीन."

"उपकार कसले."

"लहानपनापासून वाटे, तू आमच्यावर जळते. आईले म्हटलं मी आज, आपलंच चुकलं."

"काकू काय म्हणाली?"

"काई नाई. म्हने, मोठ्या घरानं यावेळी भी काई देल्लं नाई. तिचं काय मनावर घेतं तू."

मी मनावर घेतले नाही असे म्हटले. काकूला सगळे कळले होते. आता मी हे सगळे लिहिले आहे, पण गावाचे नाव इथेही दिलेले नाही.